हवामानाची मॉडेलं, सह्याद्री आणि आपला पाऊस : कुठवर विश्वास ठेवायचा?

पागोळी | सोमवार, रात्री ९:१२

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस मोजला गेला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिमी. मधलं अंतर लोकलने पाऊण तासाचं. जगाच्या हवामानाच्या बऱ्याच मॉडेलांमध्ये एक चौकट साधारण १०० किमी लांब-रुंद असते. म्हणजे सांताक्रूझ, कुलाबा, ठाणे, अलिबाग सगळे एकाच चौकटीत, आणि त्या चौकटीला पावसाचा आकडा एकच. तो ना सांताक्रूझचा, ना कुलाब्याचा.

गेल्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर "मॉडेल म्हणतं २०५० पर्यंत कोकणात अमुक टक्के पाऊस वाढणार" आणि त्याखाली "ही मॉडेलं म्हणजे सरकारमान्य ज्योतिष" अशी जुगलबंदी रंगली होती. मला दोन्ही पटलं नाही. जलनियोजनाच्या कामात या मॉडेलांचे आकडे रोज हाताळावे लागतात, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मॉडेल म्हणजे मुळात हवा आणि समुद्र यांच्या हालचालीची, उष्णतेची, बाष्पाची समीकरणं. पृथ्वीभोवती चौकटींचं जाळं टाकायचं, प्रत्येक चौकटीत समीकरणं सोडवायची, काही मिनिटं पुढे सरकायचं, पुन्हा सोडवायची. असं शंभर वर्षं. चौकटीपेक्षा मोठं जे काही आहे, म्हणजे जेट प्रवाह, मान्सूनचा आस, एल निनो, ते समीकरणांतून आपोआप उमटतं. चौकटीपेक्षा लहान जे आहे ते उमटत नाही. आणि ढग लहान असतात. पाऊस पाडणारा पावसाळी ढग पाच-दहा किमीचा. मग तो 'असेलच' असं धरून एखाद्या ठोकताळ्याने त्याचा परिणाम चौकटीत घालावा लागतो. अकियो अराकावा आणि वेन शुबर्ट यांनी १९७४ मध्ये अशी एक पद्धत मांडली, तिची नातवंडं-पतवंडं आजही अनेक मॉडेलांत नांदताहेत. सगळं दुखणं बहुतेक या ठोकताळ्यांत आहे.

पण आधी जे जमलंय ते सांगते. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांनी रिचर्ड वेदरल्ड यांच्यासोबत १९६७ मध्ये हवेचा एकच उभा स्तंभ घेऊन हिशेब केला. ना समुद्र, ना डोंगर. कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर जमिनीलगतचं तापमान दोन अंशांहून थोडं जास्त वाढेल आणि वरचा स्थितांबर हा हवेचा थर मात्र थंड होईल, असं उत्तर आलं. पुढे उपग्रहांनी मोजलं तेव्हा स्थितांबर खरोखरच थंड होत होतं. सूर्य तापल्यामुळे पृथ्वी तापली असती तर वरचा थरही तापला असता. मानाबेंना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, वयाच्या नव्वदीत.

आता न जमलेलं. १९७९ मध्ये अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ ज्युल चार्नी यांच्या समितीने सांगितलं की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जग १.५ ते ४.५ अंशांनी तापेल. बेचाळीस वर्षांनी, २०२१ मध्ये, आयपीसीसीने (हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाने) तोच पट्टा २.५ ते ४ पर्यंत आणला. महासंगणक लाखो पटींनी वेगवान झाले आणि पट्टा फक्त निम्म्यावर आला! कारण पुन्हा ढगच. जगभरची मॉडेलं शेजारी ठेवून तपासणाऱ्या सीमिप-६ या प्रकल्पातली काही मॉडेलं तर पाच अंशांच्याही वर गेली. दक्षिण महासागरावरच्या ढगांत शून्याखालीही न गोठलेलं पाणी किती, हे बदलून पाहिल्यावर एवढा फरक पडला. आयपीसीसीला मग मॉडेलांची सरळ सरासरी सोडून प्रत्यक्ष नोंदींच्या आधारे त्यांना वजन द्यावं लागलं.

आपल्याकडे वळायचं तर पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही केंद्र सरकारची हवामान-संशोधन संस्था आहे. तिथे अमेरिकेच्या सीएफएस या ऋतुमानाच्या मॉडेलावर काम करून भारताचं पहिलं पृथ्वी-प्रणाली मॉडेल तयार झालं आणि सीमिप-६ मध्ये भारताचा सहभाग त्यातूनच झाला. अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यातली हवेची चौकट साधारण २०० किमीची आहे. मुंबईपासून साताऱ्यापर्यंत एक चौकट! सह्याद्री त्यात डोंगर म्हणून उरतच नाही, किनाऱ्यापासून पठारापर्यंतचा एक सौम्य उतार होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पाऊस आणि पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की हजाराच्या आत, हा फरक त्या उताराला कुठून कळणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच : जागतिक तापमानाबद्दल मॉडेल जे सांगतं ते गांभीर्याने घ्या. तालुक्याच्या पावसाबद्दल सांगू लागलं तर आधी त्याला गेल्या तीस वर्षांचा पाऊस विचारा.

चर्चा करूया. जाणकारांनी भर घालावी.

शून्य_दाब | सोमवार, रात्री ९:४०

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

तर्कटपंची | सोमवार, रात्री १०:०५

छान लिहिलंय, पण मूळ प्रश्नाला बगल दिलीत. आठव्या दिवशी पुण्यात पाऊस पडेल का हे सांगता येत नाही त्यांनी २१०० बद्दल बोलावं? आणि २००२ आठवतंय ना? हवामान खात्याचं ते १६ घटकांचं प्रसिद्ध मॉडेल. पाऊस सरासरीइतका म्हणाले आणि जुलैत जेमतेम निम्मा पडला. देशात हंगामाचा पाऊस १९ टक्के कमी.

पागोळी | सोमवार, रात्री ११:२०

तर्कटपंची, बगल नाही, पण २००२ चं उदाहरण इथे लागू होत नाही. १६ घटकांचं ते मॉडेल वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने १९८८ पासून वापरात आलं आणि ते संख्याशास्त्रीय होतं. हिमालयातला बर्फ, एल निनो, कुठला वायुदाब, कुठलं तापमान, यांचा आणि पावसाचा जुना संबंध काढायचा आणि तो यंदाही टिकेल असं धरायचं. ब्रिटिश काळात हवामान खात्याचे प्रमुख असलेल्या ब्लॅनफर्ड आणि गिल्बर्ट वॉकर यांच्यापासून चालत आलेली वाट. अशा संबंधांची अडचण ही की ते न सांगता सुटतात. २००२ नंतर खात्यानेही ते मॉडेल बाजूला ठेवलं आणि २०१२ च्या मान्सून मिशनपासून भौतिकशास्त्रावर चालणाऱ्या मॉडेलांकडे मोर्चा वळवला. मी ज्यांच्याबद्दल लिहितेय ती ही दुसऱ्या जातीची.

आठवा दिवस आणि २१०० यांचं : आठव्या दिवसाचा पाऊस आजच्या हवेच्या स्थितीवर अवलंबून असतो आणि ती कधीच पूर्ण मोजता येत नाही, चूक वाढत जाते. २१०० चं सरासरी तापमान आजच्या हवेवर अवलंबून नसतं. पृथ्वीवर ऊर्जा किती येते आणि किती बाहेर पडते यावर असतं. त्याची परीक्षा निसर्गानेच घेतली. जून १९९१ मध्ये फिलिपीन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, गंधकाचे कण स्थितांबरात गेले. नासातल्या जेम्स हॅन्सन यांच्या गटाने १९९२ च्या सुरुवातीला मॉडेल चालवून छापून टाकलं की जग सुमारे अर्ध्या अंशाने थंड होईल आणि काही वर्षांत सावरेल. तसंच झालं, आणि भाकीत आधी छापलेलं होतं!

आणखी एक. १९७० ते २००७ या काळात छापलेली १७ भाकितं नंतर तपासली गेली. प्रत्यक्ष उत्सर्जन किती झालं तो फरक जमेस धरला तर १४ भाकितं निरीक्षणांशी जुळली.

तर्कटपंची | मंगळवार, सकाळी ८:१५

पिनाटुबोचं माहीत नव्हतं. तापमानाचा मुद्दा मान्य करतो (कोणीतरी स्क्रीनशॉट काढा).

पण मग पाऊस? पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालातच लिहिलंय की १९५१ ते २०१५ मध्ये मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि घट ठळक कुठे, तर गंगेच्या मैदानात आणि आपल्या पश्चिम घाटात. मॉडेलं मात्र तापमान वाढलं की मान्सून वाढणार म्हणतात. दोन्ही एकदम कसं खरं?

दख्खनी_ढग | मंगळवार, दुपारी १:३०

हा प्रश्न योग्य आहे. याच क्षेत्रात असल्याने जरा सविस्तर लिहितो.

तापलेली हवा एका अंशाला सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस वाढण्याकडे कल असतो. पण १९५० नंतर उत्तर भारतावर धूर आणि गंधकाच्या कणांचा जो पडदा पसरला, त्याने जमिनीवर पोचणारं ऊन कमी केलं. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक हा मान्सूनचा एक मोठा आधार. इकडे जमीन हवी तितकी तापेना, तिकडे हिंदी महासागर जोरात तापला (१९५१ ते २०१५ मध्ये सुमारे एक अंश). दोन्ही बाजूंनी फरक घटला. २०११ मध्ये बोलासिना, मिंग आणि रामस्वामी यांनी मॉडेलात कण घालून आणि काढून पाहिले, तेव्हा पावसातली घट कणांमुळे दिसली. आयपीसीसीचाही आता तोच निष्कर्ष आहे. पुढे कण कमी झाले की हरितगृह वायूंचा जोर वरचढ होईल आणि पाऊस वाढेल, म्हणून मॉडेलं वाढ दाखवतात.

पण कण कधी कमी होतील? ते भौतिकशास्त्र सांगत नाही, धोरण सांगतं. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राने बहुतेक औष्णिक वीजकेंद्रांना गंधक पकडणारी यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. असं परिपत्रक कुठल्या मॉडेलात असणार? २०४० च्या मान्सूनच्या अंदाजातली मोठी अनिश्चितता दिल्लीच्या फायलींत आहे, असं मी वर्गात सांगतो आणि मुलं हसतात.

आणि पागोळीताईंनी मवाळपणे लिहिलंय ते मी रोखठोक लिहितो. सीमिपच्या तीन पिढ्या झाल्या, तरी बहुतेक मॉडेलं मध्य भारतात पाऊस कमी पाडतात आणि विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरावर जास्त. एक कारण अरबी समुद्रात आहे. अनेक मॉडेलांत हा समुद्र हिवाळ्या-वसंतात प्रत्यक्षापेक्षा थंड असतो. थंड पाण्यावरून येणारा वारा बाष्प कमी आणतो, आणि मग जून-जुलैचा पाऊस अशक्त. ढगांचे ठोकताळे कितीही घासूनपुसून घ्या, समुद्र थंड राहिला तर पाऊस सुधारत नाही.

दुसरी गंमत आपल्या वळवाची. वळीव कधी येतो? दिवसभर उकडून चार-पाच वाजता. मॉडेलात तो बाराच्या सुमारास येतो, आणि धो धो न येता भुरभुर येतो. दिवसाची बेरीज कधीकधी बरोबर येते, पण प्रकार साफ चुकलेला. पूर आणि दुष्काळ दोन्ही प्रकारावर ठरतात, बेरजेवर नाही. मध्य भारतात दिवसाला १५० मिमीहून जास्त पावसाच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, एकूण पाऊस घटत असताना. असली गोष्ट भुरभुर पाडणाऱ्या मॉडेलाला दाखवणं जड जातं.

मऊभात | मंगळवार, दुपारी २:१०

"अनिश्चितता दिल्लीच्या फायलींत" :D :D

सातासमुद्रापार | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

हॅम्बुर्गहून लिहितोय. इकडे सध्या एकच विषय, चौकट बारीक करा. तीन-चार किमीवर आलात की मोठे ढग समीकरणांतूनच उमटू लागतात, ठोकताळ्याची गरज बरीच कमी होते. ब्रिटनने स्वतःपुरतं २.२ किमीवर हवामानबदलाचं चित्र काढलं. अमेरिकेचं स्क्रीम हे मॉडेल ३.२५ किमीवर अख्ख्या पृथ्वीसाठी चाललं, फ्रंटियर महासंगणकावर एका दिवसात एका वर्षाहून थोडं जास्त हवामान काढत. त्याला २०२३ मध्ये हवामान-मॉडेलांसाठीचं पहिलं गॉर्डन बेल हे महासंगणनातलं पारितोषिक मिळालं. युरोपने २०२४ मध्ये 'डेस्टिनेशन अर्थ' ही पृथ्वीची संगणकीय प्रतिकृती सुरू केली.

पण हिशेब बघा. चौकट निम्मी केली की लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट आणि काळाचं पाऊलही निम्मं करावं लागतं. म्हणजे खर्च किमान आठपट. १०० किमीवरून ३ किमीवर येण्यासाठी हे पाच वेळा. मग शंभर वर्षं चालवायला आणि शक्यता तपासण्यासाठी पन्नास वेळा चालवायला महासंगणक उरत नाही. एक अतिसुंदर धाव की पन्नास जाडीभरडी धावा, या वादात इथल्या बैठका संपतात. मी पहिल्या पक्षात आहे, पण दुसऱ्यांचं म्हणणंही चुकीचं नाही.

ओटीवरून | मंगळवार, रात्री ९:००

अज्ञानी प्रश्न. मे २०२५ मध्ये '६ किमीचं भारताचं मॉडेल' अशा बातम्या आल्या होत्या. मग आपल्याकडेही बारीक चौकट आलीच ना? आणि ते एआयवाले?

पागोळी | मंगळवार, रात्री १०:३०

ओटीवरून, तुम्ही म्हणताय ते भारत फोरकास्ट सिस्टिम. २६ मे २०२५ ला सुरू झालं, आधीची १२ किमीची चौकट उष्ण कटिबंधात सुमारे ६ किमीवर आली. आयआयटीएमनेच केलंय, 'अर्क' महासंगणकावर चालतं. पण ते काही दिवसांच्या पूर्वानुमानासाठी आहे, शंभर वर्षांसाठी नाही. मुंबईकरांना आणि धरणावरच्या अभियंत्यांना त्याचा उपयोग आहे. २०५० च्या प्रश्नाला मात्र ते हात लावत नाही.

एआयचं : २०२५ च्या खरिपात केंद्राच्या कृषी खात्याने गुगलचं न्यूरलजीसीएम आणि युरोपीय हवामान केंद्राचं एआय मॉडेल वापरून सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचे एसएमएस पाठवले. चार आठवडे आधी. पेरणीची घाई-दिरंगाई ठरवायला ते मोलाचं आहे आणि मला स्वतःला ही या दशकातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते, महासंगणकांच्या उद्घाटनांपेक्षाही. पण ही मॉडेलं जुन्या नोंदींवर शिकतात. न्यूरलजीसीएमच्या निर्मात्यांनीच समुद्र एकदम ४ अंशांनी तापवून पाहिला तेव्हा त्याचा तोल ढळला. न पाहिलेलं जग त्याला दाखवता येत नाही, आणि हवामानबदल म्हणजे नेमकं न पाहिलेलं जग.

देवगडकर | बुधवार, सकाळी ६:२०

सगळं वाचलं, अर्धं समजलं. आमचा प्रश्न साधा आहे. हापूसच्या नव्या कलमांसाठी कातळावर जागा केली आहे. झाड लावलं तर पन्नास वर्षांचा हिशेब. हल्ली डिसेंबरात थंडी पडत नाही, पडली तर जानेवारी-फेब्रुवारीत लांबते आणि पुनर्मोहर येतो, मग सुपारीएवढी झालेली फळं गळतात. मार्चात उष्णतेने आंबा भाजतो. वर अवकाळी आहेच. एका सल्लागार कंपनीच्या माणसाने बैठकीत रंगीत नकाशा दाखवला, २०५० मध्ये आमच्या तालुक्यात नोव्हेंबर ते मार्चचा पाऊस ११ टक्के वाढणार. या ११ चं काय करू?

दख्खनी_ढग | बुधवार, सकाळी ९:५०

त्या ११ चं काहीही करू नका. अशा नकाशांचा मला मनापासून राग आहे. १०० किमीच्या चौकटीचा आकडा घ्यायचा, जुन्या नोंदींच्या साच्यात बसवून २५ किमीवर वाटायचा आणि तालुक्याच्या सीमा काढायच्या. चौकट लहान दिसते, माहिती तेवढीच राहते. थंडीतला कोकणचा पाऊस आधीच नगण्य, त्यावर ११ टक्के म्हणजे दोन-चार मिमी.

खरी प्रादेशिक मॉडेलं वेगळी. जागतिक मॉडेलाकडून सीमेवरची हवा घ्यायची आणि आतला भाग ५० किंवा २५ किमीवर नव्याने सोडवायचा. अशा प्रादेशिक मॉडेलांच्या कॉर्डेक्स या जागतिक प्रकल्पाचं दक्षिण आशियासाठीचं काम आयआयटीएमकडून चालतं. त्यात घाट दिसू लागतो, घाटाच्या अलीकडचा-पलीकडचा पाऊस वेगळा होतो. पण सीमेवरून थंड अरबी समुद्र आणि अशक्त वारे आले तर आत कितीही बारीक काम करून ते निस्तरत नाही. आयआयटी मुंबईच्या अभ्यासात कॉर्डेक्सची मॉडेलं मान्सूनच्या बाबतीत मूळ जागतिक मॉडेलांपेक्षा सातत्याने सरस दिसली नाहीत. आमच्या क्षेत्रात हे ऐकायला फारसं कुणाला आवडत नाही.

पागोळी | बुधवार, सकाळी ११:१५

देवगडकर दादा, पाऊस बाजूला ठेवा, तुमच्या कामाचं उत्तर तापमानात आहे आणि तिथे मॉडेलं बऱ्यापैकी एकमताने बोलतात. रात्रीचं किमान तापमान वाढत राहणार. मार्चातल्या उष्ण दिवसांची संख्या वाढणार. अरबी समुद्र तापतच राहणार, आणि अतितीव्र वादळांची शक्यता वाढते यावर शास्त्रज्ञांचं बरंच एकमत आहे. निसर्ग आणि तौक्ते तुम्ही पाहिलीच आहेत. डिसेंबरातली एखादी थंडीची लाट कोणत्या वर्षी येईल हे कुणीही सांगणार नाही.

म्हणजे 'थंडी कमी होत जाणार' हे धरून बाग आखा, 'पाऊस ११ टक्के' हे धरून नको. कलमं लावायचीच असतील तर वाऱ्याला आडोसा आणि मार्चात पाणी देण्याची सोय यावर आधी खर्च करा. वाण आणि मोहोराच्या व्यवस्थापनाबद्दल मी बोलू नये, दापोली विद्यापीठाची माणसं तुमच्या जवळच रामेश्वरला आहेत.

देवगडकर | बुधवार, दुपारी ३:४०

किमान तापमान आमच्याकडे आधीच किती वाढलं ते कुठे बघायला मिळेल? वडिलांच्या वेळचं आणि आताचं.

शून्य_दाब | बुधवार, दुपारी ४:०५

पुण्याच्या सिमला ऑफिसच्या (हवामान खातं, शिवाजीनगर) संकेतस्थळावर चौकटींची माहिती फुकट उतरवता येते. पाऊस १९०१ पासून, पाव अंशाच्या चौकटीत. तापमान १९५१ पासून, पण चौकट एक अंशाची, म्हणजे शंभर-एकशेदहा किमी. देवगड आणि कोल्हापूर त्यात जवळजवळ एकच होतात.

पागोळी | बुधवार, दुपारी ४:३०

म्हणून चौकटीची नको, वेधशाळेची घ्या. रत्नागिरीची जुनी नोंद आहे. डिसेंबर-जानेवारीचं रोजचं किमान तापमान मागवा, दहा-दहा वर्षांची सरासरी काढा. फाइल मिळाली की इथे चढवा, आलेख मी करून देते. त्याच काळासाठी दहा-बारा मॉडेलं काय म्हणतात तेही शेजारी काढते. ज्यांना रत्नागिरीची गेलेली थंडी जमली नाही त्यांना यादीतून काढू.

तर्कटपंची | बुधवार, संध्याकाळी ६:००

आलेखात मॉडेलांची नावं टाका. कोण नापास झालं ते मलाही बघायचंय.